पंचगंगेतल्या खवलचोराचे बारसे

वाचकहो, चोराचे नाव कोणी कौतुकाने घेत नाही. पण आपल्या पंचगंगेत एक चोर असा आहे की, त्याच्यामुळे या नदीचे आणि कोल्हापूरचे नाव प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे. हा चोर म्हणजे एक मासा. लांबीने वीतभरही नाही. तोंडाशी मिशा, स्वतःच्या अंगावर खवला एकही नाही. आणि पोट भरतो ते दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून! नदीकाठच्या लोकांनी त्याचा हा धंदा ओळखला आणि त्याला नाव दिले, 'खवलचोर'.

इ. स. १९५२ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाचे शास्त्रीय वर्णन 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्यूझियम' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मासा मिळाल्याचे ठिकाण लिहिले : पंचगंगा नदी, कोल्हापूर. आणि त्याला 'नवी जाती' म्हणून जाहीर केले.

आता तुम्ही म्हणाल, हे काय बोलणे झाले? ज्या माशाला काठावरच्या माणसांनी आधीच नाव दिले होते, तो १९५२ साली एकाएकी नवा कसा झाला? शंका रास्त आहे. या शंकेचे उत्तर शोधत गेलो म्हणजे नदीतला, खाडीतला, समुद्रातला जीव शास्त्राच्या वहीत कसा शिरतो, त्याचा सगळा इतिहास आपल्यापुढे उभा राहतो.

शेतकऱ्याला हे चटकन समजेल. समजा, एखाद्याच्या घराण्याने एक तुकडा तीन पिढ्या कसला. गावात सगळ्यांना ठाऊक आहे की जमीन कोणाची. पण सात-बाराच्या उताऱ्यावर नाव नाही. तंटा उभा राहिला म्हणजे कचेरीत पहिला प्रश्न येतो तो एकच : नोंद कुठे आहे? शास्त्राचेही तसेच आहे. नवी जाती म्हणजे देवाने काल घडवलेला प्राणी नव्हे. नवी जाती म्हणजे आजवर ज्याची नोंद झाली नव्हती असा प्राणी. तो जगतो आहे लाखो वर्षे. उताऱ्यावर नाव तेवढे आज चढते.

ही नोंदीची पद्धत घालून दिली ती स्वीडनमधल्या लिनियस या पंडिताने. १७५८ साली त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली, आणि प्राण्यांच्या नावांचा हिशेब आज सगळे जग त्या सालापासून धरते. त्याने प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले. शाळेच्या हजेरीपटावर आपण आधी आडनाव आणि मग नाव लिहितो ना, तसेच हे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या सगळ्यांचा. दुसरा त्या एका जातीचा. मासा रत्नागिरीत एका नावाने विकला जावो आणि कारवारात दुसऱ्या. शास्त्राच्या हजेरीपटावर त्याचे नाव एकच.

पण नाव देणे हे काम शेवटचे. त्याच्या आधीचे काम मोठे किचकट आहे. अनोळखी मासा हाती आला म्हणजे शास्त्रज्ञ पहिल्यांदा आनंद करीत नाही, शंका घेतो. हा खरोखर वेगळा आहे, की ओळखीच्याच माशाचे पिल्लू आहे? की नर-मादीत फरक आहे तो? तो मासा औषधी पाण्यात किंवा मद्यार्कात घालून जपतो. असे जपलेल्या माशाचे रंग उडून जातात, म्हणून ताज्या माशाचे रंग आधी लिहून ठेवतो. कोणत्या नदीत, कोणत्या गावाजवळ, कोणत्या तारखेस मासा धरला, ते चिठ्ठीवर लिहून बाटलीत टाकतो. मग मोजणी. प्रत्येक परात काटे किती, मिशांच्या जोड्या किती, दात कोणत्या घडणीचे, डोके अंगाच्या कितवा हिस्सा. एकच मासा मोजून चालत नाही. जितके मिळतील तितके मोजावे लागतात. त्यानंतर तुलना. आजपर्यंत अशा माशांविषयी जगात जे जे छापले गेले ते वाचायचे, आणि संग्रहालयातले जुने नमुने प्रत्यक्ष पाहायचे. एवढे करूनही तो कशाशी जुळला नाही, तरच वर्णन लिहायचे, चित्र काढायचे आणि छापायचे. छापले नाही तर नाव लागू होत नाही.

यात आणखी एक नियम आहे. ज्या एका माशावरून वर्णन केले तो मासा संग्रहालयात कायम ठेवायचा. त्याला मूळ नमुना म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला संशय आला तरी त्याने त्या बाटलीतल्या माशाशी ताडून पाहावे. आणि तो जिथे सापडला ते ठिकाण झाले त्या जातीचे मूळ ठिकाण. खवलचोराच्या बाबतीत हा मान आपल्या पंचगंगेला मिळाला.

आपल्या दख्खनच्या माशांची अशी नोंद होण्यास सुरुवात झाली ती इंग्रजी अमदानीच्या आरंभी. बंगालकडे फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरचा ग्रंथ १८२२ साली छापला. इकडे कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करीत हिंडत होता. माणसे किती, पीक काय, पाऊस किती, पक्षी कोणते, सगळे तो टिपत असे. त्याला मराठी येत होते, आणि त्याचा फायदा आपल्या माशांना झाला. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक माशांना त्याने लोकांच्या तोंडची नावेच ठेवून दिली. लॅटिन वळणाने लिहिल्यामुळे ती थोडी वाकडी झाली. पण खुद्री, कोलुस, मुल्या हे शब्द आजही शास्त्रीय नावांत उभे आहेत. पुण्याजवळच्या नदीकाठी मासे धरणाऱ्यांनी जे साहेबाला सांगितले, ते लंडनला जाऊन छापले गेले. सांगणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मात्र ग्रंथात आले नाही.

नद्यांचे असे चालले असता समुद्राकडेही लक्ष गेले होते. 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे पाहणीचे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीतच बांधले गेले. मुख्य काम किनाऱ्याचे आणि खोलीचे नकाशे करण्याचे; पण त्यावर एक डॉक्टर असे आणि तो प्राणिशास्त्रही पाही. १८८८ पासून काही वर्षे हे काम आल्फ्रेड अल्कॉक याच्याकडे होते. जिथे सूर्याचा किरण पोहोचत नाही अशा खोलीत जाळे सोडायचे, तासन्‌तास ओढायचे आणि वर आलेल्या चिखलगाळातून जीव वेचायचे. असे वेचलेले मासे कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले, आणि १८९९ साली अल्कॉकने हिंदी समुद्रांतल्या खोल पाण्यातील माशांची वर्णनात्मक यादी छापली. याच कलकत्त्यात १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. तिथले डॉ. सुंदरलाल होरा हे पुढे भारतातल्या मत्स्यविद्येचे मोठे आचार्य ठरले.

आता आपले कुलकर्णी या गोष्टीत येतात, आणि येतात ते समुद्राच्या बाजूने. मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या मचूळ पाण्यात, त्यांना एक इवलासा मासा मिळाला. अंग काचेसारखे पारदर्शक. कोणालाही वाटावे की हे कुठल्या तरी माशाचे पिल्लू. पण भिंगाखाली पाहिल्यावर निराळेच दिसले. नराच्या पोटाखालच्या परापासून एक लांब अवयव तयार झालेला होता आणि तो मादीला बीजाची पुडीच नेऊन चिकटवीत होता. मादीला उजव्या बाजूचा पोटाचा परच नव्हता. असा मासा कोणत्याच घराण्यात बसेना, म्हणून १९४० साली कुलकर्णींनी त्याच्यासाठी नवे घराणे मांडले. माशाचे नाव ठेवले 'होराइक्थिस सेटनाई'. पहिल्या शब्दात डॉ. होरा यांचा मान आणि दुसऱ्यात मुंबईच्या मत्स्यखात्याचे डॉ. सेटना यांचा. पाहा, ज्या खाडीत माणसे रोज जाळी टाकतात, तिथेच हा मासा होता. जाळ्याच्या डोळ्यांतून तो निसटे आणि माणसाच्याही डोळ्यांतून निसटे.

बारा वर्षांनी हेच कुलकर्णी पंचगंगेच्या माशाचे वर्णन लिहितात. या वेळी मात्र नाव देताना त्यांनी कोणा मोठ्या माणसाचे नाव घेतले नाही. प्रजाती नवी ठरवली, तिला 'निओट्रोपियस' म्हटले. आणि जातीचे नाव म्हणून काठावरचा मराठी शब्द जसाच्या तसा उचलला, 'खवलचोर'. जपानातला अभ्यासक असो की ब्राझीलमधला, या माशाविषयी बोलायचे तर त्याला 'खवलचोर' म्हणणे भाग आहे. अर्थ त्याला कळो वा न कळो, आपल्या माणसांचे निरीक्षण त्याच्या तोंडून निघते.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली समुद्रातही एक मोठी गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेत १९३८ च्या डिसेंबरात कोळ्यांच्या जाळ्यात एक विचित्र निळसर मासा आला होता. तिथल्या लहानशा संग्रहालयातल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या बाईंनी तो ओळखू येईना म्हणून राखून ठेवला, आणि प्राध्यापक स्मिथ यांनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. हा सीलाकँथ. याचे भाऊबंद कोट्यवधी वर्षांपूर्वीच नष्ट झाले असे सारे शास्त्र मानत होते. दगडात उमटलेले त्यांचे ठसे तेवढे ठाऊक होते. दुसरा मासा मिळावा म्हणून स्मिथ चौदा वर्षे धडपडले. अखेर १९५२ च्या डिसेंबरात तो कोमोरो बेटांपाशी मिळाला. आणि तिथले कोळी काय म्हणाले? हा तर आमचा 'गोंबेसा', अधूनमधून गळाला लागतोच! ज्याला पंडितांनी मेलेला ठरवले होते, त्याला कोळ्यांनी नाव देऊन ठेवले होते.

म्हणजे शास्त्रज्ञांनी काहीच केले नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. कोळ्याला मासा ठाऊक होता. पण तो कोट्यवधी वर्षांच्या जुन्या कुळातला, हे त्याला ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. भोयाला खवलचोराची खोड ठाऊक होती. पण बाकी भारतातल्या मिशाळ माशांशी त्याचे नाते काय, हे कळायला कलकत्त्याच्या बाटल्या आणि जगभरची पुस्तके लागतात. एकाकडे ओळख आहे, दुसऱ्याकडे तुलना आहे. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे नोंद पुरी होते.

ही नोंद झाली म्हणजे कायमची दगडावरची रेघ, असेही नाही. पुढच्या अभ्यासात असे ठरले की, खवलचोर ज्या प्रजातीत बसतो तिला 'पॅकिप्टेरस' हे नाव कुलकर्णींच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच दिले गेले होते. शास्त्राचा नियम असा की जुने नाव आधी. म्हणून 'निओट्रोपियस' मागे पडले आणि आज मासा 'पॅकिप्टेरस खवलचोर' म्हणून ओळखला जातो. दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलावे आणि हाक मारायचे नाव तेच राहावे, तसे हे झाले. कुलकर्णींचे नाव आता त्या नावापुढे कंसात लिहितात. कंस दिसला म्हणजे जाणत्याने समजावे की आडनाव बदललेले आहे. होराइक्थिसचेही तसेच झाले. त्याचे स्वतंत्र घराणे पुढे टिकले नाही, आणि २००८ साली तो जपानच्या भातखाचरांतल्या माशांच्या प्रजातीत गेला. कुलकर्णींची मोजमापे खोटी ठरली नाहीत. नात्याची समज वाढली.

आणि चोरीचा आरोप? तोही पुराव्याने शाबीत झाला. २०१८ साली पुण्यातल्या संशोधकांनी खवलचोराचे वागणे, दाता-जबड्यांची घडण आणि पोटातली पचनव्यवस्था तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. मासा खरोखरच खवल्यांवर जगणारा आहे. काठावरच्या माणसाने एका शब्दात दिलेला निकाल प्रयोगशाळेने कायम केला.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. माशाच्या चिमूटभर मांसातून त्याच्या आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डी.एन.ए.ची, लिपी वाचता येते आणि दिसायला सारखे असलेले दोन मासे वेगळ्या जातींचे आहेत हे उघडकीस येते. समुद्रतळाशी माणसाविना चालणारी यंत्रे कॅमेरे घेऊन जातात. सागरातल्या सुमारे २ लाख ४० हजार जातींची नोंद आज झालेली आहे, दर वर्षी सुमारे दोन हजारांची भर पडते. तरी अजून न नोंदलेल्या जाती लाखांनीच मोजाव्या लागतील असा अंदाज आहे. पण जपणे, मोजणे, ताडून पाहणे आणि छापणे यांतून सुटका नाही. २०१२ साली एका अभ्यासात असे दिसून आले की, नवा जीव पकडल्यापासून त्याचे वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात. नमुने बाटल्यांत पडून असतात. ते ओळखणारी माणसे थोडी आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. नाव लागल्याने माशाच्या पोटात चार घास जास्त जातात काय? तर याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या शिवेवर आहे. आजरा-गडहिंग्लजकडून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडात तळाशी राहणारा एक लहान मासा २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी जाती म्हणून प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. लगेच पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. नाव नसते तर सरकारने काय राखायचे ठरवले असते? उताऱ्यावर नाव चढले आणि हक्क उभा राहिला. साइक्सच्या खुद्रीचेही तेच. ती म्हणजे आपल्या दख्खनची महसीर. कुलकर्णींनीच १९७१ साली तिची अंडी आणि पिले यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जो मासा ओळखता येतो, त्याचीच पैदास करून तो पुन्हा पाण्यात सोडता येतो.

मग पंचगंगेचे काय? इथे मात्र मान खाली घालावी लागते. ज्या नदीचे नाव खवलचोराच्या जन्मदाखल्यावर आहे, तिच्यात गावांचे आणि शहरांचे सांडपाणी, कारखान्यांची मळी उतरते. असे पाणी नदीत मिसळले म्हणजे ती घाण कुजवणारे सूक्ष्म जंतू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मासा पाण्यात असून गुदमरतो. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या आहेत. खवलचोराची तर गोष्टच वेगळी. दुसऱ्यांच्या खवल्यांवर त्याचे पोट. दुसरे मासेच उरले नाहीत तर हा चोरी करणार कोणाच्या घरी? बाटलीतला नमुना शंभर वर्षे टिकेल. पण मूळ ठिकाणी जिवंत मासा उरला नाही, तर तो नमुना म्हणजे मेलेल्या माणसाचा फोटो.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेजवळून भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, दूधगंगा, वारणा, कोणती ना कोणती नदी वाहते. गावात जाळे टाकणारी जुनी माणसे अजून आहेत. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. माशाचे नाव काय, कोणत्या डोहात मिळतो, कोणत्या महिन्यात अंडी घालतो, त्याची खोड कोणती, आणि पूर्वी मिळत असे पण आता दिसत नाही असा कोणता, हे सगळे विचारून लिहू द्या. त्यात एखादा शास्त्राला अनोळखी मासा निघेलच असे नाही. पण १९५२ साली 'खवलचोर' हा शब्द सांगणारे कोणी भेटले नसते, तर तो शास्त्रात गेला नसता, हे विसरून चालणार नाही. आणि सांगणाऱ्याचे नावही या वेळी वहीत लिहा. त्यापुढे गाव, नदी आणि तारीख घाला. नोंद तिथूनच सुरू होते.